दुसऱ्या प्रकारची चूक अभ्यासक्रमातून काढू नका

प्रति,
संख्याशास्त्र अभ्यासमंडळाचे सन्माननीय सदस्य
आणि प्रश्नपत्रिका काढणारे परीक्षक यांस

विषय : संशोधन पद्धतीच्या नव्या अभ्यासक्रमातून ‘चाचणीतील चुका आणि चाचणीची शक्ती’ हा भाग वगळल्याबद्दल

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात वाटलं, एखादं पान गळालं असावं. गृहीतकाच्या चाचणीचं प्रकरण आहे, त्यात शून्य गृहीतक (‘फरक नाही’ असं धरून चालणं) आहे, पी-व्हॅल्यू (तसं धरलं तर इतका टोकाचा निकाल दिसण्याची शक्यता) आहे, टी-चाचणी आहे, काय-स्क्वेअर आहे, पी-व्हॅल्यू जिच्या खाली गेली की शून्य गृहीतक नाकारायचं ती ०.०५ ची रेघ तर चार ठिकाणी आहे. दुसऱ्या प्रकारची चूक, म्हणजे फरक खरोखर असूनही तो न पकडणं, मात्र कुठेच दिसेना. शेवटी ती सापडली ‘अधिक वाचनासाठी’ या मथळ्याखाली. चाचणीची शक्ती, म्हणजे असलेला फरक पकडला जाण्याची शक्यता, आणि नमुना किती मोठा घ्यावा याचं गणितही तिथेच. ‘अधिक वाचनासाठी’ याचा वर्गातला अर्थ आपणही जाणता : परीक्षेत येणार नाही, म्हणून शिकवलं जाणार नाही.

सोबतच्या टिपणात कारण दिलं आहे, ‘विद्यार्थ्यांवरील भार कमी करणे’. या निर्णयाविरुद्ध मी मंडळाला दोन पत्रं लिहिली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे. या पेपराला बसणारी मुलं फक्त संख्याशास्त्राची नसतात. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, परिचर्या, फिजिओथेरपी, शेती या विषयांत संशोधन करू पाहणाऱ्या बहुतेकांची संख्याशास्त्राशी एवढीच काय ती गाठ पडते. उद्या त्यांचे निष्कर्ष वाचून कुणीतरी एखादा उपचार सुरू करणार आहे आणि कुणीतरी बंद करणार आहे. तेव्हा आपला निर्णय मंडळाच्या दालनापुरता राहत नाही.

मी बावीस वर्षं हा विषय शिकवते आहे आणि या काळात इतर विभागांतल्या संशोधकांना त्यांच्या आकडेवारीत मदतही करते आहे. त्यातली एक गोष्ट माझ्या मनावरून उतरत नाही.

साधारण दहा वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी प्रबंधाची आकडेवारी घेऊन आली. गुडघेदुखीवरची एक व्यायामपद्धती, दोन गट, प्रत्येकात १४ माणसं. १०० गुणांच्या मोजपट्टीवर व्यायाम करणाऱ्या गटातली सुधारणा सरासरीने ९ गुणांनी जास्त होती. पी-व्हॅल्यू आली ०.११. कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो तो अंदाज, उणे २ पासून २० पर्यंत. मी तिला लिहायला सांगितलं की एवढ्याशा नमुन्यावरून निर्णय देता येत नाही. व्यायामाचा फायदा नसेलही, आणि २० गुणांइतका मोठा असेलही. परीक्षकांनी ते वाक्य खोडायला लावलं. त्याच्या जागी आलं : ‘सदर व्यायामाचा गुडघेदुखीवर कोणताही परिणाम होत नाही, असे सिद्ध झाले.’ मी त्या खोलीत होते. तिची पदवी अडेल या भीतीने गप्प राहिले.

त्या अभ्यासात माणसामाणसातला फरक, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे १४ गुणांचं होतं. व्यायामाने खरोखरच ७ गुणांचा फायदा होत असता, तरी १४-१४ माणसांच्या अभ्यासात तो पकडला जाण्याची शक्यता जेमतेम चारात एक होती. म्हणजे फायदा असूनही चारातल्या तीन वेळा हाच निकाल आला असता. दोन वर्षांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्याने हा विषय घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की यावर काम झालंय, उपयोग नाही हे सिद्ध आहे. त्याने विषय बदलला. तो व्यायाम उपयोगी होता का, हे मला आजही माहीत नाही, आणि कुणालाच माहीत नाही. प्रश्न तसाच पडून आहे, त्यावर ‘उत्तर मिळाले’ असा शिक्का मात्र बसलेला आहे. परीक्षक विद्वान होते, त्यांचा हेतू वाईट नव्हता. दुसऱ्या प्रकारची चूक त्यांनाही कुणी धड शिकवली नव्हती, एवढंच. आता आपण ती कुणालाच शिकवायची नाही असं ठरवता आहात.

या दोन चुका समजायला कठीण आहेत असं मंडळाला वाटत असेल, तर मला नम्रपणे सांगायचं आहे की आपल्या भाषेने त्या केव्हाच ओळखून ठेवल्या आहेत. साप नसताना ‘साप साप’ म्हणून भुई धोपटणं ही पहिल्या प्रकारची चूक. कळसा काखेत असताना गावाला वळसा घालणं ही दुसरी. मी या दोन म्हणी फळ्यावर लिहूनच सुरुवात करते. ‘शून्य गृहीतक खरे असताना ते नाकारणे’ ही व्याख्या मुलं पाठ करतात आणि परीक्षेच्या दिवशी उलटी लिहून येतात. म्हणी उलट्या होत नाहीत.

त्यानंतर पिशवी. दहा चिठ्ठ्या, सात लाल आणि तीन पांढऱ्या. आत काय आहे ते मला माहीत असतं, वर्गाला नसतं. शून्य गृहीतक असं की पिशवीत दोन्ही रंग निम्मे निम्मे आहेत. प्रत्येकाने दहा वेळा चिठ्ठी काढायची, रंग लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची. नियम आधीच ठरवायचा : एकाच रंगाच्या नऊ किंवा दहा आल्या, तरच ‘पिशवीत गडबड आहे’ म्हणायचं. पिशवी खरोखर निम्मी निम्मी असेल, तर या नियमाने भुई धोपटली जाण्याची शक्यता १०२४ मध्ये २२, म्हणजे दोन टक्क्यांच्या थोडी वर. फार सावध नियम आहे हा. मुलांनाही आवडतो.

मग निकाल येतात. चाळीस जणांच्या वर्गात सरासरी सहा जण गडबड पकडतात. उरलेले चौतीस लिहितात, ‘फरक आढळला नाही’, आणि त्यातले बरेच पुढे आपण होऊन जोडतात, ‘म्हणून पिशवीत दोन्ही रंग समान आहेत’. मी पिशवी टेबलावर उपडी करते. सात लाल, तीन पांढऱ्या. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “म्हणजे मॅडम, नियम तर आम्ही बरोबर पाळला, तरी आम्ही सगळे चुकलो?” हो, बाई. नियम पाळूनही चुकलात. या एका प्रश्नापर्यंत वर्ग पोचला की माझं निम्मं काम झालेलं असतं.

पुढच्या तासाला दहाऐवजी शंभर चिठ्ठ्या काढायच्या. नियम : एका रंगाच्या ६१ किंवा अधिक आल्या तर गडबड. निम्म्या निम्म्या पिशवीवर भुई धोपटण्याचा धोका अजूनही साडेतीन टक्केच. पण सत्तर-तीसची पिशवी आता चाळीसपैकी एकोणचाळीस जण पकडतात. पिशवी तीच, शंका तीच, फक्त पाहणं वाढलं. चाचणीची शक्ती म्हणजे काय, हे या दोन तासांत कळतं. सूत्र नंतर येतं आणि मग ते पाठ करावं लागत नाही. आपण ज्याला भार म्हणता तो एवढा आहे : दोन तास आणि दहा चिठ्ठ्या.

आता माझ्या तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, तेव्हा सगळ्यांवर सारखं लिहिणार नाही.

पहिली तक्रार भाषेची. मसुद्यासोबतच्या नमुना उत्तरांत पाच ठिकाणी लिहिलं आहे, ‘पी ०.०५ पेक्षा जास्त, म्हणून शून्य गृहीतक स्वीकारा’, आणि एका ठिकाणी तर ‘शून्य गृहीतक सत्य असल्याचे सिद्ध होते’. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ सालीच स्पष्ट केलं होतं की प्रयोगाने शून्य गृहीतक खोटं ठरवता येईल, पण ते कधी सिद्ध होत नाही. या दोन चुकांची कल्पना मांडणाऱ्या यर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी ‘स्वीकार’ हा शब्द वापरला हे खरं आहे, पण त्यांच्या लेखी त्याचा अर्थ ‘सध्या तसं धरून वागणं’ एवढाच होता, आणि त्या वागण्यात किती धोका आहे हे मोजल्याशिवाय ते पुढे जात नव्हते. आपण त्यांचा शब्द ठेवला आणि मोजमाप काढून टाकलं. ‘शून्य गृहीतक नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही’ हे वाक्य लांब आहे, मान्य. पण ते खरं आहे.

‘सार्थक’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं. मराठी माणूस ‘जन्माचं सार्थक झालं’ म्हणतो तेव्हा त्यात केवढा अर्थ असतो. संख्याशास्त्रात मात्र ‘सार्थक फरक’ म्हणजे मोठा फरक नव्हे, महत्त्वाचा फरकही नव्हे. निव्वळ योगायोगाने असं दिसणं अवघड आहे, एवढंच. लाखभर माणसांची आकडेवारी असली तर कुणाच्याही आयुष्यात काहीही न बदलणारा फरकसुद्धा ‘सार्थक’ ठरतो. आणि चौदा-चौदा माणसांच्या अभ्यासात ९ गुणांचा फरक ‘निरर्थक’ ठरतो. शब्द बदला असं मी म्हणत नाही, तो आता रुळला आहे. पण मराठीतून शिकणाऱ्या मुलाला हा धोका एकदा तरी सांगितला पाहिजे, आणि मसुद्यात तो कुठेही नाही.

दुसरी तक्रार नमुना प्रश्नपत्रिकेतल्या एका प्रश्नाची. ‘पी-व्हॅल्यू ०.०३ म्हणजे शून्य गृहीतक खरे असण्याची शक्यता ३ टक्के आहे. चूक की बरोबर?’ आपल्या उत्तरपत्रिकेत ‘बरोबर’ लिहिलं आहे. हे चूक आहे. पी-व्हॅल्यूचा हिशेब सुरूच होतो शून्य गृहीतक खरं धरून. खरं धरलं तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल किती वेळा दिसेल, एवढंच ती सांगते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी-व्हॅल्यूवर एक निवेदन काढलं. एखादं गृहीतक खरं असण्याची शक्यता पी-व्हॅल्यू मोजत नाही, हे त्यातल्या सहा तत्त्वांपैकी एक होतं. ज्या मुलाला हे बरोबर कळलं आहे, त्याचे गुण आपण कापणार आहात.

या गैरसमजाचं मूळ मला पुन्हा दुसऱ्या प्रकारच्या चुकीच्या अज्ञानातच दिसतं. एक हिशेब मांडते. समजा एखाद्या क्षेत्रात १००० कल्पना तपासल्या गेल्या आणि त्यातल्या १०० खरोखर खऱ्या आहेत. चाचण्यांची शक्ती ८० टक्के असेल, तर खऱ्यांपैकी ८० पकडल्या जातील. उरलेल्या ९०० खोट्या कल्पनांपैकी पाच टक्के, म्हणजे ४५, चुकून ‘सार्थक’ ठरतील. एकूण १२५ सार्थक निकाल, त्यातले ४५ खोटे. म्हणजे ०.०५ ची रेघ काटेकोर पाळूनही जाहीर झालेल्या शोधांपैकी ३६ टक्के पोकळ. आता शक्ती २० टक्क्यांवर आणा. खऱ्यांपैकी २० च सापडतील, खोटे मात्र ४५ च राहतील. ६५ पैकी ४५, म्हणजे जवळजवळ ७० टक्के. शक्ती कमी झाली की फक्त खऱ्या गोष्टी हातून निसटतात असं नाही, जे हाती लागलं त्याचाही भरवसा जातो. पहिल्या प्रकारची चूक ठेवली, दुसरी काढली, असं आपण म्हणता. पण दुसरीशिवाय पहिलीचाही अर्थ लागत नाही. प्रसिद्ध झालेले बहुतेक निष्कर्ष खोटे का असतात, हे मांडणारा जॉन आयोनिडिस यांचा २००५ चा गाजलेला लेख याच प्रकारच्या हिशेबावर उभा आहे. मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या प्रकल्पाचा निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्के सार्थक होते, पुनरावृत्तीत ३६ टक्के.

तिसरी तक्रार ०.०५ बद्दल. मसुदा ही संख्या निसर्गनियमासारखी देतो. फिशर यांनी १९२५ साली ती सोयीची म्हणून सुचवली, आणि नंतर स्वतःच लिहिलं की कुठलाही शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं, सगळ्या परिस्थितीत एकच ठरावीक पातळी वापरत नाही. १९३३ च्या निबंधात नेमन आणि पिअर्सन यांनी विचारलं होतं, निरपराध्याला शिक्षा होणं अधिक वाईट की अपराधी सुटणं? आणि त्यांचंच उत्तर होतं की हा तोल गणित ठरवू शकत नाही, तो अभ्यास करणाऱ्याने समोरची परिस्थिती पाहून ठरवायचा. रक्तपेढीत रक्ताची पिशवी तपासताना चांगली पिशवी फेकली गेली तर नुकसान होतं, पण दूषित पिशवी सुटली तर माणूस आजारी पडतो; तिथे दुसऱ्या चुकीला घाबरायचं. कणभौतिकीत नवा कण सापडल्याची घोषणा करण्याआधी पाच सिग्माचा पुरावा मागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. २०१२ साली हिग्ज बोसॉनची घोषणा त्याच कसोटीवर झाली. तिथे पहिल्या चुकीला घाबरायचं. कुठे कशाला घाबरायचं हा विचार म्हणजेच हा विषय आहे. तो काढून घेतला की मुलाच्या हातात एक रेघ उरते.

चौथी थोडक्यात. वीस स्वतंत्र चाचण्या केल्या आणि कुठेच काही नसलं, तरी निदान एक ‘सार्थक’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. अनेक चाचण्यांच्या या धोक्यावर मसुद्यात एक ओळही नाही. एक ओळ तरी लिहा.

पाचवी तक्रार मला सगळ्यात जास्त बोचते, कारण तिथे माणसं मरतात. ‘आढळलं नाही’ याचं ‘नाही’ करणं ही फक्त नवशिक्यांची चूक नाही. मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी मानसशास्त्राच्या एका नियतकालिकातले १९६० सालचे ७० निबंध तपासून १९६२ मध्ये दाखवलं की मध्यम आकाराचा परिणाम पकडण्याची त्या अभ्यासांची सरासरी शक्ती ०.४८ होती. नाणं उडवून ठरवलं असतं तरी फार फरक पडला नसता. १९७८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ७१ ‘नकारात्मक’ वैद्यकीय चाचण्यांचा हिशेब आला. त्यांतल्या ५० चाचण्या इतक्या लहान होत्या की उपचाराने निकाल ५० टक्क्यांनी सुधारत असता, तरी तो फायदा निसटण्याचा धोका दहा टक्क्यांहून जास्त होता. म्हणजे उपयोग होतो की नाही, हे ठरवण्याइतका उजेडच तिथे नव्हता. आणि २०१९ साली ‘नेचर’मध्ये आठशेहून अधिक शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने लेख आला, त्यातही हीच तक्रार होती : पाच नियतकालिकांतल्या ७९१ निबंधांपैकी सुमारे निम्म्यांनी ‘सार्थक नाही’ याचा अर्थ ‘परिणाम नाही’ असा लावला होता.

वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेचं बोधचिन्ह आपण पाहिलं असेल. वर्तुळात एक उभी रेघ, तिच्याभोवती काही आडव्या रेघा, आणि खाली डावीकडे पत्त्यातल्या चौकटसारखा एक छोटा आकार. ते नुसतं सजावटीचं चित्र नाही, ती खरी आकडेवारी आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण होऊ घातलेल्या आईला स्टेरॉइड दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात का, हे पाहणाऱ्या सात चाचण्या तिथे रेखाटल्या आहेत. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एका चाचणीचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, उभी रेघ म्हणजे ‘फरक नाही’. बहुतेक आडव्या रेघा तिला छेदतात, म्हणजे एकेकटा अभ्यास वाचणाऱ्याला ‘फरक सार्थक नाही’ असंच दिसणार. पण सगळे एकत्र केले की तो चौकट आकार उभ्या रेघेपासून स्पष्टपणे दूर पडतो : बाळाच्या मृत्यूचा धोका ३० ते ५० टक्क्यांनी कमी. पहिली चाचणी १९७२ ची. एकत्रित, पद्धतशीर आढावा १९८९ पर्यंत प्रसिद्ध झाला नव्हता. मधल्या वर्षांत बहुतेक डॉक्टरांना हा उपचार इतका गुणकारी आहे हे उमगलंच नाही. कळसा काखेत होता, आणि त्याची किंमत किती बाळांनी मोजली असेल, हे मी वर्गात हे चित्र काढते तेव्हा दरवेळी मनात येतं.

उलट्या बाजूनेही हेच होतं. एका सर्दीच्या औषधाने वास येण्याची क्षमता जाते अशा तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. त्या तक्रारी संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थक नाहीत, म्हणून गुंतवणूकदारांना सांगायची गरज नव्हती, असा बचाव कंपनीने केला. २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. सार्थकतेची रेघ ओलांडली नाही म्हणून माहिती बिनमहत्त्वाची ठरत नाही, हे त्या न्यायाधीशांना पटलं. ‘दुष्परिणाम आढळले नाहीत’ हे वाक्य वाचताना ‘किती लोकांत शोधले?’ असं विचारणारा विद्यार्थी मला हवा आहे. नव्या अभ्यासक्रमातून तो घडणार नाही.

एका आक्षेपाला आधीच उत्तर देते. गेल्या काही वर्षांत पी-व्हॅल्यूच नको, सार्थकतेच्या चाचण्याच नकोत, असं म्हणणारेही बरेच झाले आहेत. मंडळाच्या एका सदस्यांनी मला तोंडी हेच कारण दिलं : ही चौकटच जाणार आहे, मग खोलात कशाला जायचं? त्यांचं म्हणणं मी गांभीर्याने घेते. पण चौकट बदलली तरी निर्णय घ्यावाच लागतो, आणि निर्णय दोन दिशांनी चुकू शकतो. उपचार द्यायचा की नाही, पूल वापरायला सुरक्षित म्हणायचा की नाही, आरोप दाखल करायचा की नाही. पी-व्हॅल्यू उद्या पुस्तकातून गेली तरी या दोन चुका जाणार नाहीत. आणि आपण तर नेमकं उलटं केलं आहे : पी-व्हॅल्यू ठेवली, चुका काढल्या.

माझ्या मागण्या अशा आहेत.

दुसऱ्या प्रकारची चूक, चाचणीची शक्ती आणि नमुन्याचा आकार ठरवणं हा भाग मुख्य अभ्यासक्रमात परत घ्या. त्याला निदान सहा तास द्या. जागा हवी असेल तर हाताने संख्यांच्या वर्गांच्या बेरजा करायला लावणारा भाग कमी करा. ते काम संगणक करतो, हा विचार संगणक करत नाही.

नमुना प्रश्नपत्रिकेतलं पी-व्हॅल्यूचं चुकीचं उत्तर ताबडतोब मागे घ्या आणि तसं लेखी कळवा. ‘शून्य गृहीतक स्वीकारा’, ‘सत्य सिद्ध झाले’ ही वाक्यं सर्व नमुना उत्तरांतून काढा. ‘पुरेसा पुरावा मिळाला नाही’ असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले जाणार नाहीत, अशी सूचना परीक्षकांना द्या.

प्रत्येक प्रश्नपत्रिकेत असा एक तरी प्रश्न ठेवा, ज्यात पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर आहे, नमुना लहान आहे, कॉन्फिडन्स इंटरव्हल दिलेला आहे, आणि विद्यार्थ्याने यावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही हे स्वतःच्या शब्दांत चार ओळींत लिहायचं आहे. प्रबंधांसाठीही नियम करा : ‘फरक आढळला नाही’ असं लिहायचं असेल तर किती मोठा फरक पकडण्याची आपल्या अभ्यासाची ताकद होती, हे त्याच परिच्छेदात लिहावं लागेल.

आणि शेवटची मागणी. मसुद्यावर हरकती मागवल्याशिवाय तो लागू करू नका. हा विषय रोज शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांना आपण विचारलं, ते जाहीर करा.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मला अर्धा तास द्या. भाषण करणार नाही. पिशवी आणि चिठ्ठ्या घेऊन येईन. प्रत्येक सदस्याने दहा वेळा चिठ्ठी काढावी, आपला निष्कर्ष कागदावर लिहून खाली सही करावी, आणि मग आपण सगळ्यांनी मिळून पिशवी उघडावी.

आपली,
संख्याशास्त्राची एक शिक्षिका